टाकीच्या काठावरची उदबत्ती

तुम्ही शेवटची सही कधी केलीत? आणि ज्या ओळीखाली ती केलीत, त्या ओळीत लिहिलेलं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं का?

घाईने उत्तर देऊ नका. मी हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा घाईनेच उत्तर दिलं होतं. खरं तर तो मला कुणी विचारलाही नव्हता. रोह्याच्या एका वर्कशॉपमध्ये, पाण्याने भरलेल्या लोखंडी टाकीच्या काठावर, एक अर्धी जळालेली उदबत्ती उभी होती आणि एक माणूस तिच्याकडे बघत होता. प्रश्न तेवढाच होता.

त्या माणसाला आम्ही सगळे मेस्त्री म्हणायचो. शेठही मेस्त्रीच म्हणायचे. हजेरीच्या पुस्तकात त्यांचं नाव होतं, पण ते वाचल्याशिवाय कुणाला आठवायचं नाही. बुटके, काळेसावळे, पायात कायम रबरी चप्पल. शेठनी दिलेले सेफ्टी शूज त्यांनी कपाटात नीट ठेवले होते आणि तपासणीला साहेब आला की तेवढ्यापुरते घालायचे. याबद्दल मी त्यांच्याशी भांडले होते. मी कशाबद्दल भांडले नव्हते असं नाही.

माझं भांडणं समजायचं तर माझं घर सांगायला हवं. माझे वडील कारखान्यातल्या युनियनचं काम करायचे. पेणला आमच्या गल्लीत शेजारी गणपतीच्या मूर्ती वाळत ठेवलेल्या असायच्या आणि आमच्या ओटीवर पत्रकं. रात्रभर छापून आलेल्या पत्रकांचे गठ्ठे मोजत, घड्या घालत मी मोठी झाले. मला वाचता आलेला पहिला जोडाक्षरी शब्द ‘व्यवस्थापन’, त्याच्या पाठोपाठ ‘निर्लज्ज’. दोन्ही एकाच ओळीत होते. डिप्लोमा करून मी रोह्याला नोकरीला लागले तेव्हा माझी खात्री होती की जगात दोनच प्रकारची माणसं असतात, लबाड आणि लबाडांना उघडं पाडणारी. मी कोणत्या प्रकारात आहे हे मला ठाऊक होतं.

आमच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या डिझेल इंजिनांचे कूलर साफ होत. इंजिनाला जोर हवा तर भरपूर हवा लागते. टर्बो ती दाबून आत ढकलतो, पण दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत दम नसतो. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये चार्ज एअर कूलर बसवतात. आत बारीक नळ्यांतून पाणी फिरतं, बाहेरून पातळ पत्र्यांच्या दाट रांगांमधून हवा जाते आणि गार होते. वर्षभरात त्या पत्र्यांवर तेलकट काजळी बसते, नळ्यांत क्षार धरतात. इंजिन काळा धूर ओकायला लागतं. मग तो कूलर आमच्याकडे यायचा. आम्ही तो उघडायचा, औषधाच्या पाण्यात भिजत घालायचा, धुवायचा, आणि शेवटी गळतो का ते बघायचं. माझं काम या शेवटच्या भागाचा कागद लिहिण्याचं. टेस्टचा कागद. खाली मेस्त्रींची सही आणि माझी सही.

पहिल्याच दिवशी मी त्यांना टाकीतलं पाणी पिताना पाहिलं. म्हणजे मला तसं वाटलं. त्यांनी ओंजळ बुडवली, जिभेवर पाणी घेतलं, डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात फिरवलं आणि बाजूला थुंकले.

“घान हाय,” ते म्हणाले, “पन गोड हाय. चालंल.”

मी विचारलं, हे काय? बाकीचे कामगार हसले. एक जण म्हणाला, मेस्त्री टाकीला आधी नैवेद्य दाखवतात, मग स्वतः खातात. मी नवीन होते म्हणून गप्प राहिले. पण पुढे त्यांनी जे केलं त्यावर मला गप्प बसवेना. कूलरची तोंडं जाड प्लेटा लावून बंद केली होती, आत कॉम्प्रेसरची हवा भरली होती, चेनपुलीने तो टाकीत उतरवला होता. आणि मेस्त्रींनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून एक उदबत्ती काढली, पेटवली आणि टाकीच्या पलीकडच्या काठावर मातीच्या गोळ्यात खोचली.

मी म्हणाले, हे इथे चालणार नाही. मशीनची पूजा करून मशीन नीट होत नाही. अंधश्रद्धा घराच्या बाहेर ठेवायची. मी बरंच बोलले. माझ्याकडे या विषयावरची चार पत्रकं तोंडपाठ होती.

मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांची नजर पाण्यावर होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “झालं? आता हितं ये. माझ्या जागेवर बस. काय दिसतं?”

मी बसले. पाणी दिसत होतं. पाण्याखाली कूलर. आणि पाण्यावर, अगदी मधोमध, उदबत्तीच्या टोकाचा लाल ठिपका.

“घड्याळाकडं बघायला गेलीस तर पान्यावरची नजर उठली,” ते म्हणाले. “आनी नजर उठली तवाच नेमका बुडबुडा येतो. ही काडी अर्ध्या तासाची हाय. मी घड्याळ लावून कापलेली. येळ आनी पानी येकाच नजरेत. बुडबुडा फुटला की तो ठिपका हलतो. देव कुठं आला गो यात?”

मी उठले. मी अजून एक वाक्य बोलले, कारण हरल्यावर एक वाक्य जास्त बोलायची सवय मला घरातूनच लागली होती. म्हटलं, मग मेणबत्ती का नाही लावत?

“मेनबत्तीला डासं येतात,” मेस्त्री म्हणाले.

त्यांचा डबा मी नंतर नीट पाहिला. सगळ्या काड्या एका मापाच्या, खालून कात्रीने कापलेल्या. रोह्याच्या बाजारातल्या एकाच दुकानातून, एकाच नावाच्या. दुकानदाराने एकदा दुसऱ्या दिल्या तर त्यांनी त्या दिवशी टेस्ट केली नाही, दुपारभर नव्या काड्या एकेक जाळून मोजत बसले. शेठ वैतागले होते. वर्कशॉपभर चंदनाचा वास आणि काम शून्य.

पत्रे सरळ करायची त्यांची एक फणी होती. औषधात भिजून आलेल्या कूलरचे पातळ पत्रे कुठे कुठे वाकलेले असतात, तिथून हवा जात नाही. मेस्त्री स्टूल ओढून बसायचे आणि हाताने बनवलेल्या पितळी फणीने एकेक रांग विंचरायचे. तास तास. वेल्डिंगवाला त्यांना चिडवायचा, “मेस्त्री, वेणी घाला. गजरा मी आणतो.” मेस्त्री मान वर न करता म्हणायचे, “तुझ्या टकुऱ्यात फनी घातली असती, पन तितनं हवा जायाची नाय.”

तारेचा ब्रश त्यांच्या दृष्टीस पडला तर त्यांना खपायचा नाही. कुणीतरी एकदा घाईत तसल्या ब्रशने नळ्या घासून ओरखडून ठेवल्या होत्या. मेस्त्रींनी तो ब्रश काढून घेतला, बाइंडिंग वायरने करकचून बांधला आणि भिंतीवर टांगून ठेवला. मी तिथे लागले त्याच्या आधीपासून तो तसाच लटकत होता.

आणि ते कधीच ‘पास’ म्हणाले नाहीत. काडी संपायची, लाल ठिपका विझायचा, पाणी तसंच असायचं. कागदावर मी लिहायची ‘गळती नाही’. मेस्त्री सही करायचे, कूलरवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “आज तरी गप्प हाय.”

एवढंच. याच्यापुढे ते कशाची हमी द्यायचे नाहीत.

ते पेणच्या खाडीकडच्या गावातले, मिठागरातले. वडील, आजा, सगळे मिठागरात. लहानपणी त्यांचं काम कोंडीच्या, म्हणजे मिठाच्या वाफ्याच्या, बांधावर बसून पाण्याकडे बघायचं. वाऱ्याने पाणी हललं की मीठ बारीक पडतं, गढूळ पडतं. ते सांगायचे, मीठ यायच्या आधी पाणी गप्प होतं, त्याच्यावर सायीसारखं काहीतरी धरतं, आणि ते आपल्याला आधी डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळतं. त्यांचा बा नुसतं बोट चाटून सांगायचा, अजून दोन दिवस. आणि दोनच दिवस लागायचे. हे सांगताना मेस्त्रींचा आवाज बदलायचा. मला तेव्हा वाटायचं, म्हणूनच हे टाकीचं पाणी चाखतात. जुनी सवय. तेवढं पुरेसं कारण वाटलं मला.

आता तो मे महिना.

खारेपाटातल्या गावांना नदीवरच्या एका पंपघरातून पाणी जातं. चहूकडे खाडी आणि पिण्याला थेंब नाही अशी ती गावं. मे महिन्यात तिथल्या बायका हंडे घेऊन कशा उभ्या राहतात ते पेणचं माणूस लहानपणापासून बघतं. त्या वर्षी पंपघराचा ट्रान्सफॉर्मर जळाला. नवीन यायला वेळ होता. तोवर सगळी भिस्त तिथल्या डिझेल जनरेटरवर. आणि आठवड्याभरात त्याने काळा धूर टाकायला सुरुवात केली. पंप ओढेना. कूलर चोंदला होता. तो सोडवून आमच्याकडे आला तेव्हा पंप पूर्ण बंद पडले होते, कारण कूलरशिवाय ते इंजिन चालवता येत नव्हतं. त्या गावांपैकी एक मेस्त्रींचं.

सगळी कामं बाजूला ठेवून दोन दिवसांत आम्ही तो साफ केला. मेस्त्री घरी गेलेच नाहीत, वर्कशॉपमध्येच झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी टेस्ट लागायची होती. कूलर जुना, नळ्या थकलेल्या. एखादी गळाली तर तिच्या दोन्ही तोंडांत पितळी बूच ठोकून ती बंद करायची असते. त्या मापाची बुचं आमच्याकडे संपली होती. मेस्त्री लेथवाल्याकडे ती कातून आणायला निघाले. जाण्याआधी त्यांनी पाणी चाखलं, कूलर टाकीत उतरवून घेतला, हवेचा काटा बघितला. मला म्हणाले, “काडी लाव आनी बस. मी येतोच. नजर काढू नको.”

मी काडी लावली. बसले. पाणी गप्प होतं.

थोड्या वेळाने टेम्पोवाला आत आला. कूलर न्यायला पंपघराकडून आलेला, खारेपाटातलाच. तो माझ्याशी काही वाईट बोलला नाही. फक्त फोन पुढे केला. त्यात त्याच्या गावाचा व्हिडिओ होता. टँकर आला होता आणि टँकरभोवती बायका. एका म्हातारीचा हंडा गर्दीत पडला, पाणी मातीत गेलं, आणि ती ओरडली नाही, भांडली नाही. खाली बसली आणि चिखलाला हात लावला.

ते बघून माझ्या अंगाची आग झाली. आजही होते. ही आग खोटी नव्हती, हे मला इथे नोंदवून ठेवायचं आहे. मी टाकीकडे पाहिलं. पाणी गप्प होतं. काटा हलला नव्हता. मी स्वतःशी म्हणाले, लोक तिकडे तडफडत असताना आपण इथे उदबत्त्या जाळतोय. आणखी अठरा मिनिटं कशासाठी? एका म्हाताऱ्या माणसाच्या समाधानासाठी? मी दोघा कामगारांना हाक मारली, चेनपुली ओढायला लावली, कूलर वर घेतला, हवा सोडली, प्लेटा काढल्या. मेस्त्रींनी सकाळीच कोऱ्या कागदावर सही करून ठेवली होती. असं ते कधी करत नसत. दोन दिवसांच्या जागरणात, गावासाठी, त्यांनीही एवढी एक सूट दिली होती, आणि ती माझ्यावर विसंबून. वेळेच्या रकान्यात मी लिहिलं, तीस मिनिटे. गळती नाही. सही केली. माझं अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

मला कुणी धमकावलं नव्हतं. शेठ तर जेवायला गेले होते. वडिलांच्या पत्रकांत खोटं लिहिणारे नेहमी दबावाखाली असायचे किंवा विकले गेलेले. मी तसं काहीच नव्हते. मी लोकांच्या बाजूने खोटं लिहिलं.

टेम्पो फाटकाबाहेर पडून पाच-सात मिनिटं झाली असतील. मेस्त्री आले. हातात कागदात गुंडाळलेली बुचं. रिकाम्या टाकीसमोर उभे राहिले.

उदबत्ती अजून जळत होती. बोटभर राहिली होती. तिचा लाल ठिपका पाण्यात स्वच्छ दिसत होता, आणि पाण्याखाली काही नव्हतं.

त्यांनी मला काही विचारलं नाही. कागद मागितला नाही. काडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत काडीकडे. मी म्हणाले, “मेस्त्री, लोक तहानलेत.”

“बस मागं,” ते म्हणाले. त्यांनी स्कूटर चालू केली होती.

खिंड उतरल्यावर, नागोठण्याच्या अलीकडे, आम्ही टेम्पो गाठला. मेस्त्रींनी स्कूटर आडवी घातली. टेम्पोवाला खाली उतरला, तो त्यांच्याच गावाकडचा, त्यांना काका म्हणणारा. तो म्हणाला, काका, आता नको. लोक वाट बघतात. या पोरीने कागद दिलाय, तीस मिनिटं लिहिलंय, तुमची सही आहे.

“माझी सही हाय म्हनून तर आलो,” मेस्त्री म्हणाले. “माझी वस्तू हाय गाडीत. फिरव.”

टेम्पोवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यावरून त्याला समजलं. तो जे बोलला ते मला लागलं नाही, कारण ते मेस्त्रींना उद्देशून होतं, आणि मला लागायला हवं होतं. तो म्हणाला, “काका, गावात याल तवा पानी मागू नका कुनाकडं.”

गाडी फिरली.

पुन्हा प्लेटा, पुन्हा हवा, पुन्हा चेनपुली. मेस्त्रींनी पुन्हा पाणी चाखलं. नवी काडी लावली. या वेळी ते बाजूला उभे राहिले आणि मला त्यांच्या जागेवर बसवलं. वर्कशॉपमधली सगळी कामं थांबली होती. वेल्डिंगवालाही हातात मास्क घेऊन उभा. बारा मिनिटं गेली, ती मला कशी समजली ते सांगता येणार नाही, पण समजली. पाणी गप्प. पंधरा. वीस. माझ्या मनात एक नीच आशा होती की काही येऊ नये. म्हणजे मी खोटं लिहूनही खरं ठरेन.

काडी पाव राहिली असताना लाल ठिपका हलला.

एकदाच. जरासा. तुमची पापणी लवली असती तर दिसला नसता. मग पुन्हा पाणी गप्प, इतका वेळ की मला भास वाटला. मग पुन्हा हलला.

“तिसरी रांग,” मेस्त्री मागून म्हणाले. ते माझ्या डोक्यावरून बघत होते.

त्या नळीला बारीक भोक होतं, आणि भोकात क्षार अडकून बसला होता. पाण्यात भिजून, हवेचा दाब खाऊन तो हळूहळू सुटायला वेळ लागला. बारा मिनिटांत तो सुटला नव्हता. इंजिनावर चढल्यावर सुटला असता. मग नळीतलं पाणी हवेबरोबर इंजिनात. मी डिप्लोमाला शिकले होते ते मेस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं, “हवा दबते गो, पानी दबत नाय. मंग काय दबंल? लोखंड दबंल, नायतर मानूस.” इंजिन फुटलं असतं, तर ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत त्या गावांना काहीच उरलं नसतं. आणि इंजिनाजवळ ऑपरेटर उभा असतो.

बूच ठोकलं. परत टेस्ट. शेजारची नळी गळाली. तिलाही बूच. परत टेस्ट. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे चाललं. मधेच मेस्त्रींच्या वहिनींचा फोन आला. त्यांचे हात ओले म्हणून मी स्पीकरवर लावला.

“भावजी, तुमच्याच हातात आडकलंय म्हनतात.”

“व्हय, वयनी.”

“मंग सोडा की.”

“गळतंय.”

मग त्या म्हणाल्या, “पोरं इचारतात, पानी कवा येनार. काय सांगू? तुमचा काका टाकीभर गोड पान्यात बुडबुडं मोजीत बसलाय म्हनून?”

“तेच सांगा,” मेस्त्री म्हणाले.

त्या दोन दिवसांत मी त्यांना पाणी पिताना पाहिलं नाही. चहा घ्यायचे. टाकीचं पाणी चाखायचे आणि थुंकायचे. मी तांब्या पुढे केला तर हात हलवून नको म्हणायचे. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणून मीही आता जास्त लिहीत नाही.

शेवटची काडी लावली तेव्हा टाकीजवळ आम्ही दोघेच होतो. पाण्यावरची नजर न काढता त्यांनी मला सांगितलं. माझ्याकडे बघून नाही, पाण्याकडे बघून.

बऱ्याच वर्षांपूर्वीचा असाच मे महिना. वर्कशॉपच्या विहिरीचा तळ दिसत होता. टाकी भरायला पाणी नाही. कुणीतरी टँकर आणला, तो कुठून भरला ते कुणी विचारलं नाही. मेस्त्री तेव्हा तरुण, हातात कामाचा जोर. टाकी भरली, कूलर बुडवला, तीस मिनिटं पुरी केली. एकही बुडबुडा नाही. सही केली. कूलर खाडीतल्या एका बार्जच्या इंजिनावर चढला. टँकरचं पाणी खाडीचं होतं. त्यातलं मीठ पत्र्यांच्या खाचांत, नळ्यांच्या बुडाशी राहिलं आणि आतल्या आत नळ्या खात बसलं. पावसाळा सरता सरता इंजिन फुटलं. ऑपरेटर त्यांचा जोडीदार होता, शेजारच्या गावातला, मिठागरात बरोबर वाढलेला. त्याचा उजवा हात गेला.

“मिठागरातला मानूस मी,” मेस्त्री म्हणाले. “माझा बा बोट चाटून दिस सांगायचा. आनी मना खारं पानी समजलं नाय. का? मी चाखलंच नाय. बुडबुडं नीट बघितलं. पानी कोन बघनार?”

मला तेव्हा त्यांच्या ओंजळीचा अर्थ लागला. ती जुनी सवय नव्हती. ती त्यांनी त्या दिवसानंतर लावून घेतली होती आणि एकदाही चुकवली नव्हती.

काडी संपली. ठिपका विझला. पाणी तसंच. मेस्त्रींनी कूलरवर हात ठेवला. “आज तरी गप्प हाय.”

मी नवा कागद काढला. जुना, तीस मिनिटांचा, टेम्पोवाल्याकडून परत आला होता. तो मी फाडायला घेतला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. मग उदबत्त्यांचा डबा उघडला आणि तळाशी ठेवलेला एक घडी घातलेला, पिवळा पडलेला कागद माझ्यासमोर उलगडला. जुन्या टेस्टचा कागद. ‘गळती नाही’ या ओळीवर एक आडवी रेघ, पण इतकी बारीक की खालचं अक्षर वाचता यावं. बाजूला, शाळा अर्धी सोडलेल्या माणसाच्या अक्षरात, ‘पाणी चाखलं नाही’. आणि पुन्हा सही.

“चूक फाडायची नाय,” ते म्हणाले. “वाचता आली पायजे. लिही.”

मी माझ्या कागदावर रेघ मारली. लिहिलं, बारा मिनिटे. शेवटपर्यंत बसले नाही. सही केली. अक्षर चांगलं आलं नाही. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, घडी घातली आणि काड्यांच्या खाली ठेवले. शेठना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. माझी नोकरी राहिली.

पाणी गावात पोचलं. वहिनी त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. हेही सांगायला हवं. खरं वागणाऱ्याला शेवटी सगळे समजून घेतात असं पत्रकात असतं.

पुढे मेस्त्रींना एक ताप आला. ताप उतरला, पण चव परत आली नाही. महिनाभर त्यांनी घरी राहून वाट पाहिली. मग एका सकाळी टाकीतलं पाणी जिभेवर घेतलं, फिरवलं, थुंकले, आणि शेठच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की माझी जीभ गेली, आता मी सही करणार नाही. शेठ हसले. म्हणाले, अहो, पाण्यातलं मीठ मोजायचं यंत्र मिळतं, पेनाएवढं. मी दुसऱ्या दिवशी ते आणलं. मेस्त्रींनी ते पाण्यात बुडवलं, आकडा बघितला, मग मुद्दाम मिठाचं पाणी करून त्यात बुडवलं, पुन्हा आकडा बघितला.

“बेस हाय,” ते म्हणाले. “याला ताप येत नाय.”

पण सही त्यांनी पुन्हा केली नाही. दोन महिने मला शेजारी बसवून सगळं करायला लावलं. मग एका दिवशी फणी, डबा आणि बांधलेला तारेचा ब्रश माझ्या टेबलावर ठेवून गावी गेले. गेल्या वर्षी ते वारले. मी अंत्ययात्रेला गेले होते. त्यांना खांदा देणाऱ्यांत एक म्हातारा होता, उजव्या बाहीची गाठ मारलेला, डावा हात वर धरून चालणारा. माझी त्याची ओळख कुणी करून दिली नाही. गरज नव्हती.

आमच्या वर्कशॉपमध्ये आता टेस्टचे कागद छापील येतात. वेळेच्या रकान्यात ‘३० मिनिटे’ आधीच छापलेलं असतं. खाली ‘गळती नाही’ हेही छापलेलं असतं. फक्त सहीची जागा मोकळी. शेठचं म्हणणं, त्याने वेळ वाचतो. मी प्रत्येक कागदावर ते आडव्या रेघेने खोडते आणि हाताने लिहिते. यावरून आमचं दर आठवड्याला वाजतं. उदबत्ती मी लावते. कुणी विचारलं तर मेणबत्तीला डास येतात म्हणून सांगते.

तुम्ही राहता तिथे, तुमच्या दवाखान्यात, तुमच्या पाण्याच्या टाकीपाशी, कुठेतरी एक जनरेटर आहे. लिफ्टमध्ये, गॅसच्या शेगडीमागे, शाळेच्या बसमध्ये कुणाच्या तरी सहीचा कागद आहे. माझं एवढं ऐका. या आठवड्यात त्यातला एक कागद मागून घ्या. सही कुणाची ते बघा, त्या माणसापर्यंत जा, आणि त्याला विचारा, तू शेवटपर्यंत बसला होतास का? तो गप्प राहिला तर त्याच्यावर ओरडू नका, त्याचा फोटो काढून कुठे टाकू नका. कागद फाडू देऊ नका. त्याला टाकी पुन्हा भरायला सांगा, आणि या वेळी अर्धा तास तुम्हीही त्याच्या शेजारी बसा.